काळा आणि बोनसचा

हिराइवांच्या घरात तळमजल्यावर दक्षिणेकडची एकच खोली आहे, आठ ताताम्यांची, म्हणजे गवती चटया आठ मावतील एवढी. हिवाळ्यात दुपारी अख्ख्या घरात ऊन कुठे येत असेल तर ते तिथे. त्या खोलीत पाच अ‍ॅम्प्लिफायर राहत होते. ‘राहत होते’ हे शब्द तोकिएचे, म्हणजे हिराइवांच्या बायकोचे. पाहुणे दोन दिवसांनी परत जातात, हे राहायलाच आलेत, असं ती म्हणायची.

सेईजी हिराइवा मात्सुमोतोच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. खात्यात त्यांच्या कानांचं नाव होतं. लोखंडी कांडीचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावून जमिनीखालचा नळ कुठे गळतो ते ते सांगायचे, आणि खोदल्यावर पाणी तिथेच निघायचं. अशा माणसानं “या दोन अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजात फरक आहे” म्हटलं, की गावात कोणी वाद घालत नसे. मी त्यांचा शेजारी. स्थानिक वर्तमानपत्रात नोकरी केली, त्यामुळे वाद घालायची सवय होती, पण त्यांच्याशी मीही घातला नाही.

त्या शरद ऋतूत तोकिएची आई, किनुबाई, पर्सिमनची फळं उतरवताना पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. पण जिना आता जन्मात चढायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोकिएचा भाऊ हारुओ निगाताला. तो आणि त्याची बायको दोघं नोकरीवर, दिवसभर घराला कुलूप. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होती. म्हातारी एकदा ती बघून आली होती, आणि त्यावर एक अक्षर बोलली नव्हती.

मी त्या संध्याकाळी एक रेकॉर्ड परत द्यायला गेलो होतो आणि जेवायला थांबलो. तोकिएनं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप वाढलं आणि विषय काढला.

“आईला खालची खोली लागेल.”

“वर दोन खोल्या आहेत की,” हिराइवा म्हणाले.

“जिना कोण चढणार?”

“मग अ‍ॅम्प्लिफायर वर नेऊ म्हणतेस? एकेक चाळीस किलोचा आहे. वरची जमीन धरणार नाही.”

“आई अडतीस किलोची आहे. तिला जमीन धरेल, पण जिना चढवणार नाही. दोघांपैकी एकाला तर कुठेतरी जावं लागेल ना? एक ठेवा, चार काढा. गाणं एका वेळी एकातूनच वाजतं.”

“प्रत्येकाचा आवाज वेगळा आहे, तोकिए.”

“मला सारखाच वाटतो.”

“तुला काय, मिसोसुद्धा सगळा सारखाच वाटतो.”

“आज मिसो बदललाय,” ती शांतपणे म्हणाली. “तुमचा वाडगा संपत आला. कळलं का?”

हिराइवांनी वाडग्यात पाहिलं. मी लोणच्याकडे पाहिलं.

“जिभेचं मी बोलत नाही,” ते म्हणाले. “कानाचं बोलतोय. काळा कोणता आणि बोनसचा कोणता, हे मी झोपेतही ओळखेन.”

बोनसचा म्हणजे नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून घेतलेला, सगळ्यांत स्वस्त आणि जुना. काळा म्हणजे निवृत्तीच्या वेळी घेतलेला. त्याची किंमत तोकिएला आजतागायत कळलेली नाही आणि तिनं विचारलेलीही नाही.

“झोपेत नको, जागेपणीच ओळखा,” ती म्हणाली. “पडद्याआडून वाजवू दे कोणीतरी. ओळखलंत, तर आई आश्रमात जाईल आणि मी परत शब्द काढणार नाही. नाही ओळखलंत, तर खोली आईची. कुसाका-सान पेपरात होते, ते मोजतील.”

कुसाका मी, ‘सान’ हे आदरापुरतं. घास तोंडात असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

बातमी दुसऱ्याच दिवशी हिराइवांचे जुने दोस्त माकाबे सर आणि एबिना यांच्यापर्यंत गेली. सर शाळेत विज्ञान शिकवायचे, एबिनाचं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, दुकान. दोघांच्याही घरी एकेक खोली अशीच भरलेली. सरांनी चाचणीची रचना आनंदानं अंगावर घेतली. स्विचची एक पेटी बनवली, दोन्हींचा आवाज मीटर लावून तंतोतंत सारख्या उंचीवर आणला, आणि नाणं उडवून क्रम ठरवायचा असं जाहीर केलं. बारापैकी दहा बरोबर आले तर फरक सिद्ध. हिराइवांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली, तारा आपल्या हातानं जोडल्या आणि सगळं मान्य केलं. अट एकच घातली: पूर्ण शांतता.

एबिनाला मात्र विज्ञानावर भरवसा नव्हता. मी बाटली घ्यायला दुकानात गेलो तेव्हा त्यानं मला गल्ल्याजवळ ओढलं.

“सेईजी हरला तर काय होईल माहितीये? माझी बायको तोकिएबरोबर गाण्याच्या वर्गाला जाते. पुढच्या महिन्यात माझ्या घरी पडदा लागेल.”

“मग?”

“मी पडद्याच्या कडेला बसतो. तिथून सरांचा हात दिसतो. काळा लागला की मी खोकतो. या दिवसांत खोकला कोणाला नसतो?”

“सेईजी-साननं हे मान्य केलं?”

“त्याला कसं सांगणार? सांगितलं म्हणजे तुझ्या कानांवर आमचा विश्वास नाही असं झालं. पन्नास वर्षांची दोस्ती आहे. तो समजून घेईल.”

आमच्याकडे असंच असतं. ज्या गोष्टी सांगितल्या तर अपमान होतो, त्या सांगायच्या नाहीत. समोरच्यानं हवेतून उचलायच्या. ज्याला उचलता येत नाहीत तो अडाणी. हिराइवांना जमिनीखालचं पाणी ऐकू येत होतं, तेव्हा हे ऐकू यायला हरकत नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं उरकून सगळे जमले. पडद्यामागे सर, कडेला एबिना, मधोमध आपल्या खुर्चीत हिराइवा, दाराशी गुडघे दुमडून तोकिए. पियानोची रेकॉर्ड लागली. एबिना खोकला.

“काळा,” हिराइवा म्हणाले.

मी कागदावर टिपलं. दुसऱ्या वेळी एबिना गप्प राहिला.

“बोनसचा.”

दोन्ही बरोबर. एबिनानं माझ्याकडे पाहून भुवई उचलली. तोकिएचे हात मांडीवर होते. ते तिनं एकमेकांत घट्ट धरले.

तिसऱ्या वेळी एबिना पुन्हा खोकला, या वेळी जरा आत्मविश्वासानं. हिराइवांनी हात वर केला.

“सर, थांबवा. एबिना, तू बाहेर जा.”

“कशाला?”

“तुझ्या खोकल्यात वरचे सूर बुडतात. ऐन पट्टीवर खोकतोस.”

“घसा आहे रे, काय करू?”

“म्हणून तर म्हणतो, बाहेर जा. इथे काम चाललंय.”

“सेईजी,” एबिना एकेक शब्द तोडत म्हणाला, “माझा खोकला नीट ऐक.”

“ऐकला. छातीतला आहे. डॉक्टरला दाखव.”

तोकिए तोवर उठली होती. तिनं एबिनाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि मधाचं गरम पाणी दिलं. तो परत यायला निघाला की ती दुसरा पेला भरायची. तिला काही कळलं होतं का, हे मी पुढे कधी विचारलं नाही.

हवी होती तशी शांतता मिळाल्यावर हिराइवा खुलले. डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून ते उत्तरं देत राहिले. अडखळले एकदाही नाहीत. एका ठिकाणी तर सुई टेकताच म्हणाले, “काळाच. खालचा सूर बघा कसा पाय रोवून उभा आहे.” तो बोनसचा होता.

शेवटी सर पडद्यामागून आले आणि त्यांचा कागद व माझा कागद शेजारी ठेवले.

“सहा,” मी म्हणालो.

“बारापैकी?” हिराइवांनी विचारलं.

“बारापैकी.”

“म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण…” सर बोलता बोलता थांबले.

मग हिराइवा म्हणाले, “पेटी. दोघांचा आवाज त्या पेटीतून जातो. पेटीनं फरक खाल्ला.”

“शक्यता आहे,” ती पेटी स्वतः बनवणारे सर म्हणाले.

“पेटी तुम्हीच पास केली होतीत,” तोकिए दारातून म्हणाली.

“हो. केली होती.” ते खुर्चीतून उतरून खाली बसले, दोन्ही हात ताताम्यांवर टेकले आणि बायकोसमोर वाकले. “खोली तुझ्या आईची.”

तोकिएही वाकली. मग ती उठून चहा ठेवायला गेली, आणि बराच वेळ आत राहिली.

जोडे घालताना एबिनानं हिराइवांना गाठलंच. “गाढवा, खूण होती ती.”

“कोणती?”

“खोकला. काळा लागला की खोकत होतो.”

“म्हणजे मला ओळखता येणार नाही असं तुला वाटलं?”

“सहा आले तुला.”

“ते पेटीमुळे,” हिराइवा म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

आठवड्यानं एबिनाच्या दुकानाची गाडी चार अ‍ॅम्प्लिफायर न्यायला आली. ठेवायचा एक, तो बोनसचा, असं हिराइवांनी ठरवलं होतं. सारखेच आहेत असं ठरल्यावर महागडा ठेवणं त्यांना लबाडीचं वाटलं. उरलेले दोघा मित्रांनी वाटून घ्यायचे होते. काळ्यावर गाडी अडली.

“काळा मला,” एबिना म्हणाला. “माझे स्पीकर त्याच्याच जातीचे आहेत.”

“माझी खोली लाकडी आहे,” सर म्हणाले. “त्याचा खालचा सूर लाकडातच खुलतो.”

“सर,” मी विचारलं, “दोन्ही सारखे असल्याचं आपण गेल्या रविवारी सिद्ध केलं ना?”

“पेटीतून,” सर म्हणाले. “माझ्या घरी पेटी असणार नाही.”

शेवटी काळा सहा-सहा महिने दोघांकडे राहील असं ठरलं. आता तो वसंतात आणि शरदात गावातून मिरवत जातो, आणि दोघांच्याही मते दुसऱ्याच्या घरून आला की त्याचा आवाज बिघडलेला असतो.

किनुबाई दक्षिणेच्या खोलीत आली. भिंतीशी तिची जाड गादी, त्यावर दुलया, पायाशी लोकरी शाल, खिडकीत वाळत घातलेली पर्सिमनं. कोपऱ्यातल्या मांडणीवर बोनसचा, त्याच्या दोन्ही अंगांना स्पीकर. हिराइवा पहिले काही दिवस तिथे फिरकले नाहीत. मग एका दुपारी सासूनंच बोलावलं. दिवसभर छताकडे बघायचा कंटाळा आलाय, काहीतरी लाव बाबा, म्हणाली. त्यांनी तीच पियानोची रेकॉर्ड लावली आणि अर्ध्यावर उठून उभे राहिले.

“काय झालं?” तोकिएनं विचारलं.

“वेगळा वाटतोय.”

“अ‍ॅम्प्लिफायर तोच आहे.”

“अ‍ॅम्प्लिफायर तोच. खोली बदललीय. पूर्वी भिंतीवरून आवाज उलटून यायचा, तो आता या गादीत मुरतो. सासूबाई, जरा डावीकडे सरकता का?”

“किती?”

“एवढंच. हं. आता उशीला टेकून बसा.”

“असं?”

“असंच. मधला सूर आता कुठे उघडला.”

तेव्हापासून दर दुपारी ते तिथे असतात. गादी कापसाची बरी की लोकरीची, यावर त्यांचा आणि सरांचा वाद चालू आहे. म्हातारी हौसेनं कुशी बदलते, मधूनमधून स्वतःहूनही विचारते, “आता कसं वाटतंय?” फिजिओथेरपीवाली बाई म्हणाली, या वयात एवढी हालचाल कोणी करत नाही.

वर्षअखेरीस हारुओचा निगाताहून फोन आला. सुट्टीत आम्ही घरीच आहोत, नव्या वर्षाला आईला आठवडाभर घेऊन जातो, म्हणाला. मी तिथेच कोतात्सूत, म्हणजे दुलई घातलेल्या शेगडीच्या मेजाखाली, पाय घालून संत्रं सोलत होतो. हिराइवांनी पलीकडच्या खोलीतून मान वर केली.

“आठवडाभर?”

“हो,” तोकिए हातानं फोन झाकून म्हणाली.

“नको. त्या नसल्या की खालचा सूर घुमतो. मागच्या बुधवारी त्यांना तपासणीला नेलं होतं तेव्हा ऐकलंय मी. ऐकवत नव्हतं.”

“तुम्हाला खरंच कळतं ते?”

“डोळे बांधून सांगेन, सासूबाई खोलीत आहेत की नाहीत.”

मला वाटलं, ती आता पुन्हा पडदा लावायला सांगेल. सरांना बोलावणं सोपं होतं, मीही बसलेला होतो. तोकिएनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे. म्हातारी सांगितलेल्या जागी उशीला टेकून उन्हात बसली होती.

तोकिएनं फोनवरचा हात काढला. “नाही रे हारुओ,” ती म्हणाली, “हे सोडत नाहीत तिला. तूच ये.”