दिसू नये असं तेल

आमच्या पोरीला फक्त सॅलड चालतं. भाताचं पातेलं उघडलं की ती टेबलावरून उठते, बटाट्याशी तर सात जन्मांचं वैर. खांद्याची हाडं कपड्यातून दिसतात आणि जिना चढताना मधेच बसते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘सोमवारी वजन आणखी उतरलं तर तिला दाखल करावं लागेल. तिचं हृदय दमलंय.’’ तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. घरात आम्ही दोन धडधाकट माणसं असताना पोरीला परक्यांनी नळीने भरवायचं? मी ते होऊ देणार नव्हतो.

म्हणून मी सॅलड करायला शिकलो. माझा धंदा रंग कालवण्याचा. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण मधे मध्यस्थ घातला आणि बारीक धार सोडत घोटत राहिलं की गुमान नांदतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सॅलडमधला मध्यस्थ म्हणजे मोहरीची पेस्ट. व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर, मोहरी आणि मग तेल. चांगलं घोटलं की असं दाट, फिकट पिवळं होतं की आत किती तेल आहे याचा पत्ता लागत नाही. पोरीला सांगितलं, मलई काढलेलं दही आहे. राणीसरकार खायच्या.

‘‘अहो, आपण तिला फसवतोय,’’ बायको म्हणायची.

‘‘फसवतोय तर फसवतोय. आधी जगू दे, मग हव्या तेवढ्या शिव्या देऊ दे.’’

रविवारी सकाळी मोहरीच्या पेस्टची बरणी रिकामी निघाली. म्हटलं, तेल-व्हिनेगर नुसतंच बाटलीत घालून जोरात हलवलं की झालं. जन्मभर रंग कालवणाऱ्या माणसाने असं म्हणावं, म्हणजे माझ्या अकलेची कमालच. पण उद्या वजन होतं, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाटली ओट्यावर ठेवून मी कामाला लागलो. पानं धुऊन निथळत ठेवली, काकडी आणि टोमॅटो चिरले, काबुली चणे उकडून घेतले, अंडी सोलली. अक्रोड इतके बारीक कुटले की तिला वेचून बाजूला काढता येऊ नयेत. मान वर केली तर पोरगी ओट्यापाशी उभी, हातात बाटली. तळाशी व्हिनेगर आणि वर तेलाचा जाड, स्वच्छ थर.

‘‘बाबा, हे दही आहे?’’

मी हातातला बत्ता खाली ठेवला.

‘‘कधीपासून घालतोयस?’’

‘‘पहिल्यापासून.’’

मला वाटलं, आता बाटली भिंतीवर फुटणार. तिने ती हळूच खाली ठेवली आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा दंड चाचपायला लागली. तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता. वाटीभर तेलाला माणूस इतकं घाबरतं, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. मला रागावताही येईना. मी तिथेच फरशीवर बसलो.

‘‘तू मरशील अशी भीती वाटते गं मला,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणून केलं.’’

मरणाचा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन थांबली होती. तिने तोंडाला पदर लावला.

पोरगी म्हणाली, ‘‘माझ्यासमोर कर. किती घालायचं ते मी सांगते.’’

मी ताडकन उठलो. वेड्यासारखा आनंद झाला होता मला. नवी वाटी घेतली, त्यात व्हिनेगर ओतलं, मीठ घातलं, लिंबू पिळलं. तिला नीट दिसेल अशी तेलाची बाटली धरली आणि धार सोडली.

‘‘बस.’’

वाटीत जेमतेम चार थेंब पडले होते. ती सांगेल तेवढंच घालायचं ठरलं होतं, म्हणून मी बाटली सरळ केली. ते चमच्याने ढवळायला घेतलं, पण ढवळण्याजोगं त्यात काही नव्हतं.

‘‘बाबा.’’ तिचा आवाज फाटला होता. ‘‘मला बस म्हणायचं नव्हतं. ठरवलं होतं, तुला अजून ओतू द्यायचं. तोंडातून बसच येतं.’’

‘‘मग ओतू? तू डोळे मिटून घे.’’

तिने नकारार्थी मान हलवली. ‘‘ओतलंस तर मी खाणार नाही. आणि नाही ओतलंस तर...’’ ओट्याला धरून ती रडायला लागली. ‘‘मला घरी नाही जमत.’’

इतके दिवस मी जिच्यापासून तेल लपवत होतो, ती स्वतः कशाच्या तावडीत आहे ते मला आत्ता दिसलं. त्याच्याशी एकटं झुंजायला मी तिला घरात अडवून धरलं होतं, आणि त्या अडवण्याला माया म्हणत होतो.

मी बायकोकडे पाहिलं. ‘‘तिची बॅग भर,’’ म्हणालो. ‘‘उद्याची वाट नको बघायला. आत्ताच निघू.’’

पोरगी नाही म्हणाली नाही. चपला घालायला ती आमच्या आधी दाराशी गेली.