बुजवलेली श्वासनळी

मी बोलतेय, एका डिझेल गाडीच्या इंजिनाची श्वासनळी. मेकॅनिक मला ब्रीदर पाईप म्हणतात. वीतभर लांब, काळी, रबराची. बोनेट उघडलं तरी मी पटकन दिसत नाही.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनात डिझेल जळतं तेव्हा थोडा धूर पिस्टनच्या कडेने खाली निसटतो आणि इंजिनाच्या पोटात, ऑइल असतं तिथे, साठतो. तो मी वर टर्बोच्या तोंडाशी नेते. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो माझा धूर ओढून घेतो आणि इंजिन तो पुन्हा जाळून टाकतं. टर्बो जोरात फिरला की पोटात धूरही जास्त. त्या धुरात ऑइलचे बारीक कण असतात, म्हणून माझं तोंड नेहमी थोडं ओलसर असतं. तो काही आजार नाही.

पहिली सहा वर्षं मी जळगावात, मेहरूणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे होते. मग चोपड्याकडचे केळीवाले प्रेमराजभाऊ गाडी घेऊन गेले. माणूस हौशी. दर रविवारी बोनेट उघडून पुसत बसायचे. त्यांची बायको सुलक्षणा म्हणायची, "एवढं कधी माझ्या शिलाई मशीनला पुसलं असतं तर!"

अशाच एका रविवारी त्यांच्या बोटाला माझ्या तोंडचं ऑइल लागलं.

"अरे, ही तर गळतेय!"

आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. ठिबकच्या नळीतून नको तिथे थेंब गळताना दिसला की तिथल्या तिथे बूच मारायचं, हे त्यांच्या हातांना न सांगता येतं. ठिबकची बुचं त्यांच्या खिशातच असतात. त्यांनी मला टर्बोच्या पाइपातून उपसलं, माझ्या तोंडात बूच ठोकलं, वरून तार आवळली. टर्बोकडचं भोकही तसंच बुजवलं. मग फडक्याने सगळं कोरडं केलं आणि हसले. "झालं! मेकॅनिक कशाला लागतो?"

मला ओरडता येत नाही.

चार दिवस गाडी गावातल्या गावात फिरली. धूर पोटात साठायचा, सांधे घट्ट ठेवणारी सील दाबायचा, कुठूनतरी थोडा निसटायचा. मी आतून फुगत होते. गुरुवारी सकाळी मात्र धुळ्याचा प्रवास निघाला. प्रेमराजभाऊंच्या आई, बेबाबाई, यांच्या मोडलेल्या पायाचं प्लास्टर काढायचं होतं. त्या मागच्या सीटवर पाय लांब करून, उशीला टेकून बसल्या; सुलक्षणा पुढे, भाऊंच्या शेजारी.

"हळू चालाव रे भाऊ. प्लास्टर काढाले जाई ऱ्हायनू, दुसरं बांधाले नही."

अमळनेर मागे पडलं. पुढे कापसाचा ट्रक होता. त्याला ओलांडायला प्रेमराजभाऊंनी ॲक्सिलरेटर दाबला. टर्बो जोरात फिरला आणि पोटातला दाब एकदम चढला. टर्बोत वंगण म्हणून गेलेलं ऑइल खाली परत यायचं असतं. खालून दाब असल्यावर ते येणार कसं? ते टर्बोच्या सीलमधून हवेच्या वाटेत घुसलं, तिथून थेट इंजिनात. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळू लागलं.

भाऊंनी पाय उचलला. वेग कमी होईना. क्लच दाबला तर इंजिन किंचाळायला लागलं. कशीबशी गाडी कडेला थांबवली, न्यूट्रलला टाकली, किल्ली फिरवली. किल्ली काढून हातात घेतली. इंजिन चालूच! किल्लीने डिझेल तुटतं, ऑइल नव्हे.

मागे पांढऱ्या धुराचा लोट. सुलक्षणा खाली उतरली. भाऊंनी मागचं दार उघडून आईला काखेत धरलं, पण प्लास्टर दोन सीटच्या मध्ये अडकलं.

"माले ऱ्हाऊ दे! तुम्हीन सरका दूर!" बेबाबाई ओरडल्या.

"गप बस, माय!"

सुलक्षणाने धुळ्याच्या ओळखीच्या मुख्तारभाई मेकॅनिकला फोन लावला. त्याला फोनमधूनच आवाज ऐकू गेला.

"भाभी, बोनेटला हात लावू नका, इंजिन फुटेल! भाऊ कुठे आहेत?"

"मागे. आईंचा पाय अडकलाय."

"मग तुम्ही स्टिअरिंगवर बसा. क्लच दाबा. पाचवा गिअर टाका. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा, हँडब्रेक ओढा, आणि क्लच एकदम सोडा, म्हणजे इंजिन अडून बंद पडेल."

"मला जमेल?"

"भाभी, वेळ नाही!"

ती बसली. तिच्या बांगड्या स्टिअरिंगवर आपटत होत्या. पहिल्यांदा गिअर पडलाच नाही. माझं रबर तडकायला आलं होतं. दुसऱ्यांदा पडला. ती ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिली आणि क्लचवरचा पाय काढला.

गाडीने जोरदार हिसका दिला आणि इंजिन मेलं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग मागून बेबाबाई म्हणाल्या, "पोरी, तू कव्हय शिकनी हाई?"

अर्ध्या तासात मुख्तारभाई आला. बोनेट उघडून त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "हे कोणी केलं?"

गाडी जुनी, आधीची मालकीण दूर. भाऊंना म्हणता आलं असतं की घेतली तेव्हापासून असंच आहे. मला तर कुणी विचारणार नव्हतं. भाऊंनी आईकडे पाहिलं.

"मीच बूच मारेल व्हतं, माय. माले वाटनं, गळी ऱ्हायनं."

बेबाबाईंनी हात पुढे केला. "आते उचल माले. डॉक्टर निंघी जाई."

मुख्तारभाईच्या जीपमधून ते धुळ्याला गेले. टर्बो कामातून गेला. मीही गेले. आता गॅरेजच्या भंगारात पडून आहे, तोंड चिरलेलं. माझ्या जागी नवी नळी आलीय. तिचंही तोंड ओलं होईल. बाबांनो, तेव्हा ते पुसा, पण बुजवण्याआधी कुणालातरी एकदा विचारा, की यातून जे जातंय ते जायलाच हवं, असं तर नाही ना.