फक्त 'हो, सर' म्हणायचं होतं

माझा डॅरियन सोळा वर्षांचा. रिकोच्या गाडीत मागच्या सीटवर बसून चिप्स खात होता. एकोणीस वर्षांचा रिको "माझे हेडफोन दुकानात राहिलेत, घेऊन येतो" म्हणून आत शिरला आणि त्यानं गल्ला लुटताना तिथल्या हॅस्केल म्हाताऱ्याला गोळी घातली. म्हातारा भला होता, त्याच्यासाठीही मी रडले. पण अमेरिकेतल्या आमच्या जॉर्जिया राज्यात चोरी करताना माणूस मेला की चोरीला सोबत आलेले सगळेच खुनी. गाडीत बसलेलासुद्धा.

सरकारनं दिलेला वकील व्हिटलो पोराला भेटला तो दहा मिनिटं, तेही घड्याळाकडे बघत.

"बाई, सौदा चांगला आहे. चोरीत सामील होतो म्हणाला तर खुनाचा आरोप मागे घेतायत. बारा वर्षं. लढलात तर जन्मठेप, आणि तीस वर्षं सुटकेचा अर्जही करता यायचा नाही. जज्ज विचारतील त्याला 'हो, सर' म्हणायचं. संपलं."

"पण त्याला काही माहीतच नव्हतं."

"ते घरी बोला."

लहानपणी खोटं बोलला म्हणून याच हातानं मी त्याच्या थोबाडीत दिली होती. आता तुरुंगातल्या काचेपलीकडे त्याला बसवून मी खोट्याची तालीम घेत होते.

"आई, हे खरं नाहीये."

"माहितीये मला. म्हण."

"हो, सर."

"मान वर करून म्हण."

कोर्टात जज्जनं नाव विचारलं, वय विचारलं, लिहितावाचता येतं का विचारलं. पोरगा नीट बोलला. मग विचारलं, "रिको चोरी करायला चाललाय, हे तुला ठाऊक होतं?"

डॅरियन थांबला. व्हिटलोनं त्याला कोपर मारलं.

"नाही, सर. मला वाटलं, स्वतःचे हेडफोन आणायला गेलाय."

"मग ही कबुली मला घेता येणार नाही," म्हणून जज्जनं फाइल मिटली. सरकारी वकीलबाईंनी तिथल्या तिथे सौदा मागे घेतला. व्हिटलो माझ्यावरच खेकसला, "पोराला शिकवलं नाहीत का काही?" मेल्याची जीभ कशी झडली नाही.

रिकोला मात्र सौदा बरोब्बर जमला. त्यानं सगळ्याला 'हो, सर' म्हटलं, वर माझ्या पोराच्या खटल्यात साक्षीला उभा राहून शपथेवर सांगितलं की डॅरियनला सगळं ठाऊक होतं. गोळी घालणाऱ्याला वीस वर्षं. चिप्स खाणाऱ्याला जन्मठेप. याला न्याय म्हणतात, आणि तो चालू झाला की आम्ही उठून उभं राहायचं.

शिक्षा सुनावण्याआधी जज्जनं विचारलं, "तुला काही बोलायचंय?"

डॅरियन त्यांच्याकडे वळलाच नाही. मागे, माझ्याकडे वळला.

"आई, आता कुठलं सांगू?"

मी उठले, तर शिपायानं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. म्हणाला, "बाई, इथं तुम्हाला बोलता येत नाही."