अक्काचा अंगठा

वायरमनने आणि त्याच्या भाऊजींनी भंगारातून आणलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या होडीचं रूपच पालटून टाकलं. पोपटी रंग, नाकावर दिवा आणि मागच्या टोकाला न्हाव्याच्या दुकानातली गरगर फिरणारी खुर्ची! एखादं रिव्हेट गळतंय का ते कळावं म्हणून दोघांनी होडी अंगणात ठोकळ्यांवर चढवली आणि नळी लावून काठोकाठ भरली.

"अरे, होडी पाण्यात घालतात, पाणी होडीत नव्हे!" वायरमनची थोरली बहीण, अक्का, कडाडली.

"भोक असलं तर खालून ठिबकेल ना!" वायरमन होडीखाली आडवा झाला. एक थेंब पडेल तर शपथ! दोघं अंगणभर नाचले. अक्काही खुर्चीत बसली आणि पाण्यात पाय सोडून मनसोक्त गरगरली. मग तळाचं बूच काढून पाणी सोडलं. बूच हरवू नये म्हणून भाऊजींनी ते जपून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं.

दुसऱ्या दिवशी तिघं तलावाच्या मध्यावर पोचले आणि होडीत पाणी घोट्यापर्यंत आलं.

"भाऊजी, किल्ल्या कुठायत?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

भाऊजींनी काठाकडे बोट दाखवलं. वायरमनला असं हसू फुटलं की वल्हंच हातातून सुटलं.

अक्काने चप्पल काढली, भोकात पायाचा अंगठा खुपसला आणि खुर्चीत ऐसपैस रेलली.

"उपसा आता पाणी," ती म्हणाली, "आणि परत बिरत जायचं नाही. मला पलीकडचा काठ बघायचाय."