आप्पांचा उखाणा

माळेगावच्या आप्पासाहेबांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली होती. हात थरथरायचा, पाऊल उचलायला वेळ लागायचा आणि ऐन वेळी शब्द अडायचा. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं होतं, "आठवण आत शाबूत आहे, फक्त बाहेर यायला अडते. घाई करू नका, थोडा धागा द्या."

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांच्या लेकीनं इंदापूरला आपल्या घरी कार्यक्रम ठेवला. साठेक पाहुणे जमले. हार झाले, शाल पांघरून झाली आणि बायकांनी गलका केला, "आप्पा, उखाणा!"

उखाणा चार दिवस पाठ केलेला. आप्पा खुर्चीला धरून उभे राहिले.

"इंदापूरची डाळिंबं दिसायला लालेलाल..."

टाळ्या पडल्या. पुढं बायकोचं नाव घ्यायचं, तर तेच येईना! ती शेजारीच बसली होती. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, राग तर चांगलाच ओळखीचा. पण जन्मभर तिला 'अगं' म्हणूनच भागलेलं.

"घ्या की आता," ती पुटपुटली.

"थांब, येतंय."

नात रेश्मा नर्स होती. ती पुढं झाली. "आप्पा, मी तीन नावं सांगते. आज्जीचं कुठलं ते वळखा. तानूबाई, छबूबाई..."

"छबू!" आप्पांचा चेहरा उजळला. "कऱ्हाटीची! तुझ्या आज्जीच्या आदी तिला बघाया गेलो हुतो. हिरवं लुगडं, गालावर तीळ. पोहं तर असं झालं हुतं!"

सगळं घर हसून लोटपोट झालं.

"मला कदी बोलला न्हाय त्ये!" बायको कडाडली. "तीळ बरा ध्यानात ऱ्हायला!"

"आप्पा, तिसरं नाव तर ऐका," रेश्मा घाईनं म्हणाली. "द्वारकाबाई!"

"व्हय की, द्वारका!" आप्पांनी एका दमात उरकलं, "द्वारकाचं नाव घेतो, काढा माझी शाल!"

परतताना गाडी बारामतीला आली. तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, "कुठल्या गालावर?"

"काय आठवत न्हाय बग," आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

सकाळी ओसरीवरून हाक आली, "द्वारका, च्या झाला का?"

चहा कधीचा गाळून झाला होता. द्वारकाबाई कप हातात धरून चुलीपाशीच उभ्या राहिल्या. 'द्वारका' असं पुन्हा एकदा ऐकलं, तेव्हाच बाहेर गेल्या.