नियम कुठल्या सालचे?

चौकशी समितीला माझ्याकडून एकच ओळ हवी होती: तपासणीचा प्रोग्रॅम कुठल्या आवृत्तीचा आणि त्यातले नियम कुठल्या तारखेचे. "लेटेस्ट लिही आणि सही करून टाक," रविराज म्हणाला. तो माझा सहकारी. तो प्रोग्रॅम सांभाळायचं काम त्याच्याकडे. मला या 'लेटेस्ट' शब्दाची चीड आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही, म्हणून ऑफिसात मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

प्रकरण असं होतं. कुरुळीजवळच्या एका कारखान्याला आमच्या चिंचवडच्या कंपनीनं सॉफ्टवेअर दिलेलं. त्यातून कारखान्याच्या ग्राहकाची ड्रॉइंग्ज चोरीला गेली आणि चोर आत शिरला तो सनीच्या नावानं. सनी म्हणजे तिथला लाइन सुपरवायझर. एक तर आमच्या कोडमध्ये भोक होतं, नाही तर सनीनं पासवर्ड कुणाला तरी दिला होता. अशी भोकं शोधणाऱ्या आमच्या तपासणीच्या प्रोग्रॅमनं रिपोर्ट दिला, दोष शून्य. झालं, सगळं सनीच्या गळ्यात आलं. त्याला घरी बसवलं आणि आज त्याच्या नोकरीचा निकाल होता.

मी कारखान्यातल्या आमच्या कॉम्प्युटरपाशी बसले. प्रोग्रॅम याच महिन्यातला होता. रविराज तो दर महिन्याला न चुकता बदलायचा. मग मी नियमांची तारीख उघडली. कुठला कोड धोक्याचा हे प्रोग्रॅमला ज्या नियमांवरून कळतं, ते तीन वर्षांपूर्वीचे होते, पहिल्यांदा बसवला तेव्हाचे. कारखान्याच्या आत इंटरनेट नाही, नियम वेगळे आणून भरावे लागतात. रविराजला वाटायचं, प्रोग्रॅम नवा म्हणजे आतलं सगळं नवं. चाकणच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये मापं घ्यायच्या साध्या व्हर्निअरची तपासणीची तारीख उलटली तरी तो बाजूला ठेवतात. आम्ही शिकलेली माणसं, आम्ही कशाला तारीख बघू!

परवानगी काढून नवे नियम आणले, भरले, तपासणी पुन्हा लावली. लॉगिनसाठी आम्ही बाहेरून घेतलेला एक तयार भाग लाल झाला. नुसता कामगाराचा टोकन नंबर टाकून, पासवर्डाशिवाय, कुणाच्याही नावानं आत जाता येत होतं. आणि टोकन नंबर तर प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डावर छापलेला असतो. मग चोरीच्या वेळची नोंद उघडली: सनीचं नाव होतं, पासवर्ड टाकल्याची खूणच नव्हती.

रविराजचा चेहरा उतरला. "दिव्या, हे पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करू. आज नको बोलू गं. माझी नोकरी जाईल."

"आणि त्याची?"

रविराज वाईट माणूस नाही. म्हणूनच मला जास्त संताप आला. मी तडक समितीपुढे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि सनीवरचा आरोप मागे घेतला.

सनी बाहेर बाकावर बसला होता. मी हसतच गेले. "सनी, सुटलात तुम्ही! पासवर्ड कुणी दिलाच नव्हता. चूक आमची होती."

त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

"नक्की मॅडम? कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"काल मी आत समितीला सांगितलं, बायकोनं दिला असंल म्हणून." तो म्हणाला. "मशीन म्हणतंय दोष न्हाई. मी तर बाहेर कुणाला सांगितला नव्हता, घरी डायरीत तेवढा लिहिलेला. मग राहिलं कोण? माझी बायको, साक्षीच ना? तिचा भाऊ असंच काम करणाऱ्या दुसऱ्या कंपनीत हाय. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, मॅडम. मी म्हणलं, पोरीवर हात ठेवून खोटं बोलू नको."

"कुठं आहेत त्या?"

"दापोडीला, आईकडं. पोरीला घेऊन गेली. माझा फोन उचलत न्हाई. तुमी सांगा ना."

मला रडू येईल असं वाटलं. स्वतःचाही राग आला, कारण क्षणापूर्वी मी सगळं निस्तरल्याच्या थाटात हसत होते. मी माझ्या फोनवरून नंबर लावला. साक्षीनं उचलला. मी कोण ते सांगितलं. नियम जुने होते, म्हणून प्रोग्रॅमला दोष दिसला नाही, नव्या नियमांनी तो सापडला, सगळं सांगितलं.

"म्हणजे आधी मशीननं मला खोटी ठरवलं," ती शेवटी म्हणाली, "आणि आज मशीननंच खरी ठरवलं. मी सांगत होते ते कुणाच्या कानावर गेलंच नाही का, ताई?"

सनी उठून जवळ आला आणि फोनसाठी त्यानं हात पुढे केला.

"ते शेजारीच असतील," साक्षी म्हणाली. "फोन त्यांना देऊ नका."