रेसच्या घरची चौकशी

शेलूबाजारच्या माळ्यांत कुणाची सोयरीक जमत आली की गुलाबरावांना बोलावणं येतं. पत्रिका भटजी बघतो, पोराला मामा बघतात, घर मात्र गुलाबरावांनीच बघायचं. वांग्याच्या वाफ्यातून उठायचं, टोपी झटकायची आणि जीपमध्ये बसून त्या गावाला जायचं. नवरदेवाच्या दारात ते पाय ठेवत नाहीत. न्हाव्याच्या दुकानात नाहीतर पिठाच्या गिरणीत बसतात आणि विचारतात, या घरात वाईट काय झालं, आणि त्यानंतर घरानं काय केलं? केनवडकडचं एक खातंपितं स्थळ त्यांनी एवढ्यावरच मोडलं होतं. तिथली सून विहिरीत पडून गेली होती.

"पडली ते पडली," गुलाबराव म्हणाले होते. "पाय कोनाचाबी घसरते. पन साल झालं तरी विहिरीले कठडा नाई बांदला. तिथं पोरगी द्याची नाई."

शुभांगीनं बापाचे हे किस्से लहानपणापासून ऐकले होते. या खेपेला चौकशी तिच्यासाठीच होती. नवरदेव मात्र माणूस नव्हता, रेसची गाडी होती.

ती अमरावतीला इंजिनिअरिंगला. कॉलेजातल्या पोरापोरींनी मिळून एक फॉर्म्युला गाडी बांधली होती. चाकं उघडी, वर छप्पर नाही, चालवणारा रस्त्यापासून वीतभर उंचीवर जवळजवळ आडवा. स्पर्धेत शुभांगीनं ती अशी हाकली की कोइमतूरकडच्या एका रेसिंग शाळेनं तिला वर्षभर शिकायला बोलावलं, तेही सगळा खर्च त्यांचा. फोनवर तिथल्या प्रशिक्षक बाईंनी बरंच काही विचारलं. त्यात हेही विचारलं, की डोक्याला कधी मार लागलाय का? शुभांगी पटकन 'नाही' म्हणाली. खरं तर दिवाळीत कारंजा रस्त्यावर स्कूटीपुढं कुत्रं आलं तेव्हा ती डोक्यावरच पडली होती. अर्ध्या दिवसाचं तिला आजही काही आठवत नाही. अकोल्याच्या डॉक्टरनं परत दाखवायला सांगितलं होतं, ती गेली नव्हती. अधूनमधून डोकं ठणकायचं. पण तेवढ्यासाठी हातात आलेलं सोनं टाकून द्यायचं? डोकं कुणाचं दुखत नाही!

"माही ना नाई," गुलाबराव म्हणाले. "पन पयले घर पाहू दे. तिथं कोन कोन मेलं ते सांग."

"पोरगी कुठं जाऊन राह्यली अन् हे मेलेले मोजून राह्यले!" शुभांगीची आई तुळसाबाई घरातून कडाडली. "शुभ बोल नाऱ्या, तं म्हन्ते मांडवाले आग लागली!"

नवऱ्यावर याचा काडीइतका परिणाम झाला नाही. आईचं बोलणं या घरात वाऱ्यासारखं होतं, आलं की खिडकी लावायची.

बाजाराच्या आदल्या दुपारी दोघं बापलेक मेथीच्या जुड्या बांधत बसले. शुभांगीनं फोन भाजीच्या कॅरेटला टेकवून ठेवला आणि एकेक अपघात दाखवायला सुरुवात केली. १९९४ साल, इटली. एकाच शर्यतीच्या शनिवार-रविवारी दोन ड्रायव्हर गेले, त्यातला एक तर तीनदा जगज्जेता झालेला.

"मंग?"

"मंग गाड्यांचा जोर कमी केला. बसाच्या जागेच्या कडा उंच केल्या. ट्रॅकची वळनं बदलली."

गुलाबरावांनी जुडीला गाठ मारली. पुढं आली २००० आणि २००१ सालची दोन माणसं. दोघंही ड्रायव्हर नव्हते, ट्रॅकच्या कडेला मदतीला उभे होते. गाड्या आदळल्या, चाक उडालं आणि ते लागून दोघं गेले.

"चाक बांदून नव्हतं?"

"होतं. दोर लावलेच होते, तरी तुटले. मंग अजून पक्के लावले."

मग जपान, २०१४. पावसात घसरलेली एक गाडी उचलायला यंत्र आलेलं, तेवढ्यात दुसरी गाडी सुटली ती थेट त्या यंत्राखाली. पोरगा नऊ महिने बेशुद्ध राहून गेला. काही वर्षांत चालवणाऱ्याच्या डोक्याभोवती धातूची कमान बसवणं सक्तीचं झालं. आणि शेवटी शुभांगीनं हुकमाचं पान टाकलं. बहरीन, २०२०. गाडी कडेच्या लोखंडी कुंपणात घुसते, मोडून तिचे दोन तुकडे होतात, आगीचा लोळ उठतो. आता संपलं असं वाटतं, आणि त्या आगीतून ड्रायव्हर स्वतः बाहेर चढून येतो. हात भाजलेले, पण जिवंत. कमान नसती तर डोकं राहिलं नसतं.

गुलाबरावांनी ते परत लावायला सांगितलं. मग म्हणाले, "हा कठडा झाला." शुभांगीला वाटलं, गड सर झाला.

पण चौकशी नवरदेवाच्या तोंडून ऐकायची नसते, हे ती विसरली होती. दुसऱ्या दिवशी भाजी उतरवून गुलाबराव जीपच्या अड्ड्यावर गेले. मुनाफची जीप सवारी भरेपर्यंत उभी असते, आणि तोवर मुनाफ फोनवर रेस बघत असतो. शुभांगीला स्टिअरिंग धरायला यानंच शिकवलं होतं. गुलाबराव त्याच्या शेजारी बराच वेळ बसले. घरी आले ते तोंड न धुताच मेथीच्या वाफ्याकडं गेले आणि तिला हाक मारली.

"हॉलंडचं काहून नाई सांगतलं? त्र्याहत्तर सालचं?"

शुभांगीचा चेहरा उतरला. तो अपघात तिनं मुद्दाम गाळला होता. गाडी उलटून पेटलेली, आत माणूस जिता. एक दुसरा ड्रायव्हर आपली रेस सोडून धावत येतो आणि एकट्यानं ती गाडी उलथवायला बघतो. कडेच्या माणसांच्या अंगावर साधे कपडे, आगीजवळ जायची कुणाची छाती होत नाही. बाकीच्या गाड्या शेजारून जात राहतात, कारण त्यांना वाटतं, जळती गाडी त्या धावणाऱ्याचीच, तो तर सुटला. रेस थांबवलीच नाही. माणूस मेला.

"सारे बाजूनं गेले म्हनून तुमी नाई म्हनसान, असं वाटलं," ती म्हणाली.

"मंग काय केलं त्याईनं?"

"पुढं आगीत टिकनारे कपडे आले. कडेच्या मानसाईले शिकवाले लागले."

"हे त्याईनं लपवलं काय?"

"नाई. कोनबी पाहू शकते. मुनाफचाचानं नाई का दाखवलं?"

"म्हंजे त्याईनं नाई लपवलं, तू लपवलं." गुलाबराव खुरप्यानं तण काढत राहिले. "किडकं वांगं कॅरेटच्या बुडी घातलं तं गिऱ्हाईक पुढच्या बाजारी येत नाई, बाई. जाऊ दे. घर मले पसंत हाय."

शुभांगीचा आनंद गगनात मावेना. एवढ्यात बापानं मान वर केली.

"आता आपल्या घराचं. त्याईनं आपली काय चौकशी केली?"

ती वाफ्यातलं तण उपटायला लागली. मग म्हणाली, "डोक्याले मार लागला का, इचारलं."

"तू काय सांगतलं?"

"नाई म्हनून."

ते चिडले असते तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं. ते फक्त उठले आणि खुरपं झटकलं. "माहा होकार तं तुले भेटला. आता तुहं तू पाह्य." एवढं बोलून ते वांग्याला पाणी द्यायला गेले.

त्या घडीला तिला बापाचा भयंकर राग आला. जगात सगळ्यांचे बाप पोरींना अडवतात, हिच्या बापानं वाट मोकळी करून दिली आणि हिलाच अडकवलं. ती बांधावर बसून राहिली. कमानीखालचं ते डोकं तिला आठवलं, मग स्वतःचं. शेवटी तिनं कोइमतूरला फोन लावला.

दिवाळीतलं पडणं तिनं सगळं सांगून टाकलं. ते ऐकून बाईंनी कधी पडलीस, किती वेळ आठवत नव्हतं, डॉक्टर काय म्हणाला, एवढंच विचारलं. मग सांगितलं, या वर्षी नाही. तुझी जागा दुसऱ्याला जाईल. डोकं नीट तपासून घे, डॉक्टर हो म्हणाला तर पुढच्या वर्षी ये. दुसरा मार बसला तर आमची कुठलीच कमान तुला वाचवणार नाही.

शुभांगी वांग्यांच्या सरीपर्यंत कशीबशी आली.

"काय म्हनले?"

"नाई म्हनले. आदी डोकं दाखव म्हने, बरं असंन तं मंग ये," आणि तिला रडू फुटलं. गुलाबरावांनी तिला रडू दिलं. पाणी सरीच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी फावड्यानं माती ओढून ते पुढच्या सरीत वळवलं.

"एवढ्या घराईच्या चौकशा केल्या म्या," ते म्हणाले. "पोरीचं दुखनं आयकून 'पयले बरी कर, मंग धाड' म्हननारं घर एकबी नाई भेटलं. हे सोयरीक मोडाची नाई. उद्या अकोल्याले जाऊ."